लाइनीवरच्या लेकी

डेकाट्यांच्या घरात लेक लाइनीवरच द्यायची, हा दादाजींनी घालून दिलेला कायदा होता. स्थळ सांगून आलं की शेती, पत्रिका, माणसं ही चौकशी नंतर. आधी एकच प्रश्न, ‘गावाले टेशन कोणतं लागते?’ स्टेशन नसेल तर पाहुण्यांना चहा पाजायचा आणि वाटेला लावायचं. गावच्या बेलाटोला रोड स्टेशनच्या मालधक्क्यासाठी दादाजींनी आपल्या धानशेतीच्या दोन बांध्या फुकट दिल्या होत्या. कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्यांच्या गाठी तिथूनच डब्यात चढायच्या. तेव्हापासून नागपूर-गोंदिया लाइन आपल्याच अंगणातून निघते, अशी त्यांची समजूत होऊन बसली होती. लेकीनं सकाळच्या पॅसेंजरनं यावं, माहेरचं चार घास जेवावं आणि संध्याकाळच्या गाडीनं कुरकुर न करता परत जावं. कुरकुर व्हायचीच, पण ती गाडीत.

परत पाठवायचीही रीत होती. लेक खिडकीशी बसली की घरच्या सुनेनं खिडकीचा गज धरायचा आणि गाडी सुटली की गाडीबरोबर फलाट संपेपर्यंत चालायचं. गज सुटल्यावर डोळे पुसायचे, आधी नाही. मंजुषा या घरात आल्यापासून ही चाल तिच्याकडे होती. दादाजींच्या थोरल्या दोन लेकी, तिच्या नवऱ्याच्या आत्या; गोदावरीबाईंसाठी ती चालली, निर्मलाबाईंसाठी चालली. एका दिवाळीला पोटात मोनिका असताना पाण्याच्या नळापाशीच गज सोडला, तर गोदावरीबाईंनी ते पाच वर्षं बोलून दाखवलं. दोघीही आत्या आता वारल्या. मंजुषाच्या मनात मात्र त्यांचं खातं अजून उघडंच होतं, कारण तिच्या हिशेबानं चालणं जास्त झालं होतं आणि आशीर्वाद कमी पडले होते.

दादाजींची तिसरी लेक सत्यभामा. ती एकटीच लाइनीच्या बाहेर दिली गेली. तिच्यासाठी मंजुषाला कधी चालावं लागलं नाही.

तीच सत्यभामाबाई आज, नव्या स्टेशनच्या उद्घाटनाच्या दिवशी, सकाळी भाड्याच्या गाडीतून डेकाट्यांच्या फाटकाशी उतरली.

अंगणात हेमराज कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून फोनवर कोणाला तरी हारांबद्दल दटावत होता. मंजुषाचा नवरा खेमराज, त्याचा हा धाकटा भाऊ; दोघे दादाजींचे नातू. नव्या स्टेशनला रेती आणि गिट्टी त्यानंच पुरवली होती, म्हणून गेले दोन महिने तो स्टेशनचा मालक असल्यासारखा चालत होता. म्हातारीला पाहून त्याचा फोन कानावरून खाली आला.

“हिले कोनं बोलावलं?”

“मी बोलावलं, भाऊजी,” मंजुषा म्हणाली. “साहेबच म्हणले ना, की सत्काराले घरातलं सगळ्यात मोठं माणूस पाहिजे. तुमच्या भावाहून अठरा वर्सांनं मोठ्या आहेत आत्याबाई.”

“मोठं म्हणजे घरातलं वहिनी, घरातलं! लेक कायची घरातली?”

“सत्काराच्या बोर्डावर दादाजी डेकाटे यांचे वंशज असं लिवलं आहे. सुनाईले वंशज म्हणत असतील तं मलेच बसवा मंचावर.”

हेमराजनं फोन परत कानाला लावला. वहिनीचं बोलणं तो हसून टाळायचा आणि मागून भावाकडून वसूल करायचा. ही त्याची तीस वर्षांची पद्धत होती.

भांडणाचं मूळ स्टेशनातला एक गाळा. फलाट एकवर, तिकीटखिडकीच्या शेजारी, काचेच्या दाराचा. इथल्या कोशाच्या कापडासाठी तो राखला होता आणि जागा देणाऱ्याच्या घराला पहिला मान होता. पण घरातून नावं दोन गेली. एक हेमराजच्या भूषणचं, दुसरं खेमराज-मंजुषाच्या मोनिकाचं. तेव्हा रेल्वेच्या नागपूरच्या साहेबांनी निरोप धाडला की घरातलं एकच नाव पाहिजे. सत्काराच्या वेळी घरच्या ज्येष्ठांनी ते मंचावरून सांगावं, नाहीतर गाळा बाहेरच्या गटाला जाईल. थोडक्यात, ज्याच्या तोंडी ज्येष्ठाची जीभ, त्याच्या हाती गाळ्याची किल्ली. ज्येष्ठ कोण, हे खेमराजनं गृहीत धरलं होतं. मंजुषानं धरलं नव्हतं.

भूषण वाईट मुलगा नव्हता. भंडाऱ्याला मोबाइलचं दुकान टाकून त्यानं ते बुडवलं, मग बॅटऱ्यांचं टाकून तेही बुडवलं. ज्या कोणाला नमस्कार करायचा त्याला वाकून करायचा, त्यामुळे सगळे त्याला कर्तबगार समजत. मोनिका वाकायची नाही. सत्तावीस वर्षांची झाली, नागपूरला विणकाम शिकून आली आणि घरात उरलेल्या एकुलत्या मागावर बसली. तिच्या साड्या फोनवरून पार कुठं कुठं विकल्या जात. घरच्या कापडदुकानावर बसणाऱ्या खेमराजला हे कौतुकाचं वाटायचं, पण कौतुक आणि वारसा या दोन गोष्टी तो वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवायचा. त्याला मुलगा नव्हता. भूषण हाच मुलगा, हे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही, आणि कधी लपवलंही नाही.

मंजुषा सत्यभामाबाईला सरळ मागच्या खोलीत घेऊन गेली, मागाच्या खोलीत. मोनिका मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसली होती. समोर अर्धी साडी ताणलेली, काठाला करवतीचे दाते. म्हातारी काठी टेकत खाली बसली आणि कोणाला न विचारता तिनं काठावर बोट फिरवलं, एका दात्यावरून दुसऱ्या दात्यावर.

“कोनं शिकवलं वं तुले?”

“आजीनं. मंग नागपूरले शिकली.”

“माह्या मायची करवत अशीच राहे. हात लावला की बोटाले चावे.” ती हसली. दात थोडेच होते, पण हसू पूर्ण होतं. “या खोलीत मी लहानपणी झोपो. पॅसेंजर आली की भित हाले.”

“आता नाई हालत,” मोनिका म्हणाली. “पॅसेंजर थांबतच नाई आजी. कोरोनात थांबा बंद केला, तो बंदच आहे. धडाडत निंगून जाते.”

“मंग एवढं मोठं टेशन कायले बांधलं?”

“पाहायले.”

मंजुषानं मोनिकाला चहाच्या निमित्तानं बाहेर काढलं. मग ती म्हातारीच्या समोर बसली. जे बोलायचं ते तिनं रात्रभर घोळवलं होतं. सिहोऱ्याच्या कापडदुकानदाराची लेक. गिऱ्हाइकाला आधी भारी साडी दाखवायची की हलकी, हे तिला बापानं शिकवलं होतं. तिनं भारी आधी काढली.

“आत्याबाई, एक विचारू? राग नका मानू. तुमाले लाइनीबाहेर दिलं, तेव्हा तुमाले कोणी विचारलं होतं?”

घरात ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि कोणी सांगितलेली नव्हती. सोळा वर्षांची सत्यभामा बापाबरोबर मालधक्क्यावर जायची. तिथला तारबाबू रायपूरकडचा. तारेची टकटक कशी वाचायची ते त्यानं तिला शिकवलं, एवढंच. पण ती घरी पाटावर बोटानं टकटक करते हे कोणीतरी पाहिलं. दादाजी म्हणाले, ‘जिथं शिट्टी ऐकू येत नाही, तिथं हिले द्या.’ पवनीच्या पुढं नदीकाठी एक गाव निघालं. बैलाच्या दमणीत बसवून धाडलं. गाडीचा गज नाही, फलाट नाही, बरोबर चालणारी वहिनी नाही. पुढं गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात ते गावही गेलं आणि सासरच्यांबरोबर ती पुनर्वसनाच्या सिमेंटी घरात राहायला गेली. तेव्हाही इथून कोणी गेलं नाही. हेमराज तेवढं म्हणाला होता, ‘लाइनीवर नव्हतंच, आता नकाशावरपण नाई.’ सगळे हसले होते. मंजुषाही हसली होती. ते तिनं आपल्याच नावावर मांडून ठेवलं होतं, पण फेडायची घाई केली नव्हती.

“विचारते कोन,” म्हातारी शेवटी म्हणाली. “सांगतेत.”

“मंग आज तुमी सांगा. आज माइक तुमच्या हाती आहे. माह्या मोनिकाले या घरात कोणी विचारून नाई राहिलं. गाळा भूषणले, दुकान भूषणले, अन् तिले स्थळ. तुमच्यासारखंच.”

सत्यभामाबाईनं मान वर केली. डोळे पांढुरके झाले होते, पण आत कुठंतरी अजून टकटक चालू असावी.

“मले याच्यासाठी आणलं होय तुनं?”

मंजुषा खोटं बोलली असती, पण समोरच्या गिऱ्हाइकाला कापडाची पारख होती. “हाव,” ती म्हणाली.

“खरं बोलली, बरं झालं. सांगीन. तुह्या पोरीचंच नाव सांगीन. तिचा हात चांगला आहे.” मग थोडं थांबून, “अन् तोंड माह्यं आहे. भाड्यानं आणलं नाई.”

मंजुषानं तिचे पाय धरले. गेल्या कित्येक वर्षांत इतक्या मनापासून तिनं कोणाचे धरले नव्हते.

परसात खेमराज तिची वाट पाहतच उभा होता. बासष्ट वर्षांचा माणूस, आवाज कधी चढत नसे. म्हणूनच लोक त्याच्याशी भांडायला कचरत.

“आत्याले काय शिकवलं तुनं?”

“त्या लहान आहेत का शिकवायले?”

“मंजुषा, गाळा पोरीच्या नावानं केला अन् उद्या तिचं लगन झालं, तं गाळा कोणाचा? जावयाचा. दादाजीच्या बांध्या दुसऱ्याच्या घरात.”

“अन् भूषणनं तिथं पाण्याच्या बाटल्या अन् कुरकुरे ठेवले, तं दादाजीची इज्जत वाढन?”

“भूषण घरचा आहे.”

“मोनिका कोणाची आहे?”

खेमराजनं विहिरीकडं पाहिलं. “मी मेलो तं पाणी कोन देईन? खांदा कोन देईन? सांग. हेमराजच्या दारात जा लागन ना?”

“मोनिका देईन.”

“लोकं काय म्हणतीन!”

“तुमी त्या वक्ती ऐकायले राहणार आहात का?”

हे लागलं. मंजुषाला ते दिसलं, आणि क्षणभर वाईटही वाटलं. नवरा लबाड नव्हता, भित्रा होता. लबाड माणसाशी सौदा होतो. भित्र्याशी होत नाही, तो दुकान बंद करून आत बसतो.

पण खेमराज आत बसला नाही. तासाभरात सगळी निघायच्या तयारीत ओसरीवर जमली, तेव्हा तो दुकानाची पिशवी घेऊन आला. मागून हेमराजची बायको रूपा, ताट घेऊन; ताटात कुंकू, तांदूळ, नारळ, निरांजन. म्हणजे दोन्ही भावांचं आणि जावेचं आतल्या आत ठरलं होतं. गेल्याच आठवड्यात हीच रूपा मंजुषाच्या कानाशी लागून म्हणाली होती, ‘ताई, खरं सांगू? आमच्या भूषणच्यानं काही होत नाई. मोनिकाच घेईन तं बरं.’ मंजुषानं तेव्हाच ते अर्ध्या किमतीत धरलं होतं. आता पाहिलं तर तेही जास्तच धरलं होतं.

“आत्या, बस,” खेमराज म्हणाला. त्यानं स्वतः पाट मांडला. “बाबानं तुले भाऊबीज कधी घातली नाई. त्याईचं राहून गेलं. मी त्याईचा पोरगा, त्याईच्या वतीनं घालतो.”

म्हातारी पाटावर बसली नाही, कोसळल्यासारखी टेकली. रूपानं ओवाळलं. हेमराजनं डोक्यावर टोपी नव्हती म्हणून खिशातला रुमाल ठेवला आणि लांबलचक नमस्कार केला. भूषण तर पायाशीच बसला.

“आजी, दिवाळीले मी घ्यायले येईन. आठ दिवस राहायचं. आपल्या घरी.”

“आपल्या घरी,” म्हातारी पुटपुटली.

खेमराजनं पिशवीतून साडी काढून तिच्या ओंजळीत ठेवली. मधाच्या रंगाची, लाल करवतकाठाची. “आपल्या दुकानातली आहे आत्या. अस्सल कोसा. माहेरची.”

मंजुषा दाराशी उभी होती. साडी तिनं लांबूनच ओळखली. ती नव्या गठ्ठ्यातली होती; पावरलूमचा, बाहेरून येणारा गठ्ठा. गाळ्यात मांडायला म्हणून दोन दिवसांपूर्वी आलेला. पर्यटक घेतील, म्हणाला होता भूषण, त्याईले काय समजते. तिचं लक्ष म्हातारीच्या बोटांकडं गेलं. ती बोटं पदरावरून सरकली, काठाशी आली आणि थांबली. अंगठा एकदा मागे गेला, एकदा पुढे. करवत चावली नाही.

मंजुषाला आनंद झाला. उघड उघड झाला. स्वतःच्या नवऱ्यानं स्वतःच्या हातानं बाजू बुडवली होती. कोष्ट्याच्या लेकीला नकली कोसा! आता म्हातारी मंचावर फक्त नाव सांगून थांबणार नाही, या विचारानं तिला हसू आवरेना. ती पदर तोंडाला लावून आत गेली.

“चांगली आहे,” मागून सत्यभामाबाईचा आवाज आला. “भल्ली चांगली आहे.”

नवं स्टेशन खरंच पाहण्यासारखं होतं. काच, ग्रॅनाइट, सरकता जिना, जिन्यापाशी चढायला घाबरणाऱ्या बायांना हात देणारा एक माणूस. भिंतीवर धानाची रोवणी रंगवली होती आणि शेजारी विणकर. विणकराला माग दिला होता, पण मागाला ताण्याचे धागे दिलेच नव्हते. बिचारा हवेत धोटा फेकत बसला होता. मोनिकानं त्याचा फोटो काढला. त्याच्याखाली पितळी पाटी, भंडाऱ्याहून करून आणलेली: दादाजी डेकाटे यांनी मालधक्क्यासाठी जमीन दिली. पाटी चांगली ठळक होती. ज्या मालधक्क्यासाठी दिली, तो मात्र पाडून तिथं गाड्या लावायची जागा झाली होती, आणि त्या जागेत सध्या साहेबांच्या गाड्या होत्या.

मोठ्या साहेबांनी भाषण केलं. लोकांतून कोणीतरी ओरडलं, “पॅसेंजरचा थांबा कधी देता, साहेब?” साहेब सवयीनं हसले. थांब्याचा विषय वरचा आहे, ते म्हणाले, पण सुविधा मात्र आता कोणत्याही मोठ्या शहराच्या तोडीच्या आहेत. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणारे सगळे मोटरसायकलींनी आले होते.

मग सत्यभामाबाईचं नाव पुकारलं गेलं. श्रीमती सत्यभामाबाई, दादाजी डेकाटे यांच्या कन्या. मंजुषानं ते ऐकलं आणि तिच्या अंगावर काटा आला. या माणसाची लेक, असं कोणी माइकवर म्हटलेलं या घराण्यात पहिल्यांदाच. म्हातारी भूषणचा हात धरून मंचावर चढली. हात भूषणचा कसा आला, हे मंजुषाच्या ध्यानात आलं, पण तिनं मनात टिपलं नाही. इथं ती चुकली.

शाल आली. नारळ आला. साहेबांनी माइक तोंडापाशी धरला. “आजी, तुमच्या घरातून गाळा कोण सांभाळणार? तुम्ही सांगाल ते.”

पहिल्या रांगेत मोनिका बसली होती. तिनं आपली विणलेली साडी नेसली होती. तिनं आईकडं पाहिलं नाही. हात मांडीवर घट्ट धरले होते.

सत्यभामाबाई खाली पाहत राहिली. मग समोर पाहिलं. खेमराज, हेमराज, रूपा, ओळीनं. खेमराजचे हात जोडलेले.

“माह्या भावाचा नातू आहे,” ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण कर्ण्यांतून तो पार रुळांपलीकडं गेला. “भूषण. त्यालेच द्या. घराचं नाव त्याच्याच हाती राहते.”

टाळ्या वाजल्या. हेमराजनं तर शिट्टीच मारली, आणि लगेच आपण काय केलं म्हणून इकडंतिकडं पाहिलं. खेमराजनं हात खाली घेतले. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता; डोक्यावरचं एक ओझं कोणी तरी उतरवलं, एवढंच होतं. बायकोच्या बाजूला त्यानं मान वळवली नाही. पुढं बरेच दिवस वळवणार नव्हता.

मोनिका उठली. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला, तोही टाळ्यांत बुडाला.

जेवण स्टेशनाशेजारी हेमराजच्या शेडमध्ये होतं. साहेब, ठेकेदार, गावचे चार पुढारी आणि घरचे सगळे तिकडं गेले. म्हातारीला तिकडं नेतो म्हणाला होता भूषण. पण साहेबांनी त्याला गाळ्याची किल्ली द्यायला बोलावलं आणि किल्ली मिळाल्यावर माणसाला बरंच काही विसरायला होतं. फलाट एकवर, स्टीलच्या चकचकीत बाकावर, सत्यभामाबाई एकटी बसलेली मंजुषाला सापडली. खांद्यावर शाल, मांडीवर साडीची घडी. मोनिका तिच्या पुढं उभी होती. किती वेळची उभी होती कोण जाणे.

“आजी,” मोनिका विचारत होती, “माह्या हातात काही कमी आहे का?”

“नाई माय. तुह्या हातात माह्या मायचा हात आहे.”

“मंग?”

मंजुषाला गप्प राहवलं नाही. सकाळपासून जे जे जमा धरलं होतं, ते सगळं एकदम तोंडावर आलं.

“एका साडीपायी विकलं तुमी आत्याबाई! अन् तेही कोणती साडी? नकली आहे ते! पावरलूमचं कापड आहे, गठ्ठाच्या गठ्ठा पडला आहे दुकानात. तुमाले फसवलं त्याईनं, अन् तुमी...”

“मले माहीत आहे.”

मंजुषा थांबली.

“कोष्ट्याची लेक हाये मी. हातात पडताच समजलं.” सत्यभामाबाईनं घडीवर हात ठेवला, लहान पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा. “कोसा नाई. रेशीमपण नाई. पर त्यानं पाट मांडला ना वं. माह्या भावाच्या पोरानं आपल्या हातानं पाट मांडला. साठ वर्सं मी ज्या दिवशी भाऊबीज राहे, त्या दिवशी सासरच्याईले सांगो की भाऊ बिमार आहे, भाऊ गावाले गेला आहे. आता दिवाळीले सांगता येईन, आला होता म्हणून.”

“अन् माह्या पोरीचं काय?”

“तुह्या पोरीले माय आहे. माह्यासाठी भांडणारी कोन होती?” ती मोनिकाकडं वळली. “तू माह्यावर रागाव. तुहा हक्क आहे. पर तू लाइनीवर जाशील माय. गाडीनं येशील, गाडीनं जाशील.”

मोनिकाच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. ते बाहेर पडायच्या आत कर्ण्यावर सूचना झाली, पिवळ्या पट्टीच्या मागे राहा. फलाट थरथरला. एक्सप्रेस आली आणि निघून गेली. डबे, डबे, डबे, खिडक्यांतले चेहरे पुसून काढल्यासारखे. वाऱ्यानं शाल म्हातारीच्या खांद्यावरून उडवली आणि बाकामागं फेकली. साडीवरचा हात तिनं उचलला नाही.

मोनिकानं शाल उचलली, बाकावर ठेवली. घडी मोडली होती, ती नीट केली. मग ती घराकडं निघून गेली.

“थांबली नाई,” सत्यभामाबाई रुळांकडं पाहत म्हणाली.

“नाई थांबत. सांगितलं होतं तिनं.”

“मले वाटलं, आज उद्घाटन आहे तं थांबन.” मग तिनं विचारलं, अगदी हळू, “भंडारा रोडपर्यंत तरी कोणती गाडी नाई का, मंजुषा? दोनच टेशनं. मंग मी बसनं जाईन. एकदा गाडीनं निंगायचं होतं. माहेरून.”

मंजुषाला तिच्या मनातलं सगळं दिसलं. खिडकी, गज, गाडीबरोबर चालणारी सूनबाई. गोदावरीबाईंना मिळालं, निर्मलाबाईंना मिळालं. सकाळी आणताना आपण हिला काय पाहिजे हे विचारलंच नव्हतं. आपल्याला काय पाहिजे तेवढं सांगितलं होतं. सांगतेत, विचारते कोन.

“नाई,” ती म्हणाली. “गाडी नाई. भाड्याची उभी आहे बाहेर, तिनंच जा.”

तिनं म्हातारीला उठवलं, काचेच्या दारातून बाहेर आणलं, गाडीत बसवलं. नारळ पायाशी ठेवला, शाल मांडीवर. साडी म्हातारीनं स्वतःच धरली होती. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. जिथं मालधक्का होता त्या जागेतून फाटकापर्यंत नवा सिमेंटचा रस्ता गेला होता, फलाटाएवढाच लांब, दोन्ही बाजूंना कुंड्या.

सत्यभामाबाईनं खिडकीची काच खाली केली आणि काठावर हात ठेवला. नुसता हात ठेवला, आणि मंजुषाकडं पाहिलं.

समोर साहेबांच्या गाड्या वाकड्यातिकड्या लागल्या होत्या, म्हणून ड्रायव्हर हळूच चालला होता, माणसाच्या चालीनं. पाहिजे तर कोणीही बरोबर चाललं असतं. मंजुषाचं पाऊल सवयीनं उचललं गेलं; तीस वर्षांची सवय.

तिनं ते परत खाली ठेवलं.

गाडी फाटकापर्यंत गेली, वळली. म्हातारीचा हात वळणापर्यंत खिडकीच्या काठावर तसाच होता. शेडमधून हेमराजचं हसणं ऐकू येत होतं. मंजुषानं डोळे पुसले नाहीत. तो मान गज सोडणारीचा असतो, आणि तिनं गज धरलाच नव्हता.